मुकी भूमिती

ज्ञान मौनातून जन्माला येतं, असं आपल्याकडे फार पूर्वीपासून मानलेलं आहे. गुरू वडाखाली गप्प बसतो आणि समोर बसलेल्या शिष्यांच्या शंका एकेक करून फिटत जातात. परभणीतही एकदा असं घडलं. फरक एवढाच की तिथे वडाच्या जागी कडुलिंब होता, आणि गुरू गप्प बसला होता तो त्याला मराठीत शिकवणं जमेना म्हणून. गुरू मराठीच होता. परभणीजवळच्या ताडकळसचा.

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. पॅसेंजर गाडी स्टेशनात शिरून थांबते, तरी डबे थोडा वेळ हलत राहतात, तसे ते दिवस होते. कचेऱ्यांच्या पाट्या मराठीत झाल्या होत्या, पाट्यांमागे बसलेले कारकून अजून उर्दूत शिंकत होते. अशा वेळी पुण्यात शिकून आलेले दिनकरराव वकील यांना शाळा काढावीशी वाटली. परभणीहून पिंगळीकडे जाणाऱ्या रुळांच्या कडेला त्यांची जमीन होती. तिथे त्यांनी कौलारू वर्ग बांधले, कडुलिंबाला पार बांधला आणि पाटी लावली : ज्ञानवर्धिनी निवडक विद्यालय. त्यातला 'निवडक' हा शब्द सगळ्यांत मोठा होता.

शाळा सरकारची नव्हती, बोर्डाचीही नव्हती. मुलं निवडून घ्यायची, मास्तर निवडून घ्यायचे. "आपण गहू निवडतो, तसे," असं दिनकरराव सांगत. ऐकणारे ज्वारी खाणारे होते, पण मान हलवत.

निवडीची रीत त्यांची स्वतःची होती. मुलाला समोर बसवून डोळे मिटायला सांगायचे आणि विचारायचं, "काय दिसतं?" ज्याला समुद्र दिसला त्याला घेतलं. परभणीत समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो कुणालाही दिसू शकत होता. एकाला नुसता अंधार दिसला. त्याला तत्त्वचिंतक म्हणून घेतलं. एकाला भाकर दिसली. त्याला बोर्डाच्या शाळेत जायला सांगितलं.

अभ्यासक्रमही तसाच हातानं घडवलेला. सकाळी संस्कृत, मग भूमिती, दुपारी आकाशनिरीक्षण आणि शेवटी मनन. आकाशनिरीक्षण दुपारी असण्याचं कारण इतकंच, की चांदण्या निघायच्या वेळी मुलं घरी गेलेली असत. म्हणून दुपारी ती कडुलिंबाखाली उताणी पडून पानांतून दिसणारं पांढरं आभाळ बघत, आणि त्यातून मननात कधी शिरली ते त्यांचं त्यांना कळत नसे. या सगळ्यावर एकच कडक नियम होता : आवारात शुद्ध मराठी. परक्या शब्दाला फाटकाच्या आत थारा नाही. वकीलसाहेब आत आले की विधिज्ञ होत. आश्रुबा हा शाळेचा शिपाई. पण शिपाई म्हणायचं नाही असं ठरलं, आणि काय म्हणायचं ते ठरायचं राहून गेलं. म्हणून सगळे त्याला 'अहो' म्हणत. आश्रुबाला बायकोशिवाय कुणी 'अहो' म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तो दर वेळी लाजत असे.

या शाळेत भूमिती शिकवायला चंद्रभान मास्तर आले.

चंद्रभान धनगराच्या घरचा. थोरला भाऊ मुंजाजी मेंढरं राखायचा आणि चंद्रभाननंही लहानपणी ती राखली होती. पुढे तो परभणीच्या हायस्कुलात शिकला, तिथून हैदराबादला उस्मानियात गेला आणि बी. एस्सी. होऊन आला. सगळं शिक्षण उर्दूत. आमच्याकडे तेव्हा तसंच होतं. भूक मराठीत लागायची, भांडणं मराठीत व्हायची, पण त्रिकोण उर्दूत असायचा.

दिनकररावांनी त्याची मुलाखत घेतली. मुलाखतभर दिनकरराव बोलले आणि चंद्रभान मान हलवत राहिला. "मोठा विद्वान आहे," दिनकरराव नंतर म्हणाले, "मोजकं बोलतो." त्याला एका वर्षासाठी नेमलं. वर्षअखेर सरकारी इन्स्पेक्टर येणार, मास्तरांचं शिकवणं बघणार, शाळेला मान्यता देणार. मग चंद्रभानला कायम करायचं. नाहीच केलं, तर ताडकळसला मेंढरं होतीच.

मेंढरांशी चंद्रभानचं वाकडं नव्हतं. पण त्यांच्यामागे फिरताना त्यानं एक पाहून ठेवलं होतं, की कळपाला कोन नसतो. कळप पसरतो, गोळा होतो, पुन्हा पसरतो, आणि संध्याकाळी आपण कुठून कुठे आलो हे ना मेंढरांना सांगता येतं ना माणसाला. मग हायस्कुलात गणिताच्या मौलवीसाहेबांनी फळ्यावर एक सरळ रेघ ओढली होती. ती रेघ फळ्याच्या या टोकाकडून निघाली आणि ठरल्या जागी जाऊन पोचली. चंद्रभान त्या दिवशी घरी येताना रुळांच्या मधून चालत आला होता. त्या रेघेवरून उतरून परत माळावर जायचं, एवढ्या एकाच गोष्टीची त्याला भीती होती.

पहिल्या तासाला तो तयारी करून गेला. पुण्याहून आलेल्या पुस्तकातले शब्द त्यानं पाठ केले होते. मुलं समोर बसली. चंद्रभान म्हणाला, "त्रिकोण."

आणि थांबला.

शब्द बरोबर होता, पण आत काही उभं राहिलं नाही. मनातल्या मनात 'मुसल्लस' म्हटलं की तीन बाजू तीन दिशांनी धावत येत आणि एकमेकींचे हात धरत. 'त्रिकोण' म्हटलं की पुस्तकाचं पान दिसे, आणि पानावर पडलेला तेलाचा डाग. काटकोन त्रिकोणाचं जे मोठं प्रमेय आहे, त्याला मौलवीसाहेब शक्ल-ए-अरूस म्हणत. नवरीची आकृती. तिन्ही बाजूंवर तीन चौकोन चढवले की ती आकृती दागिने घालून उभ्या राहिलेल्या नवरीसारखी दिसते, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या पुस्तकात तिला नुसता क्रमांक होता. नवरीला क्रमांकानं हाक मारायची तर ती ओ देईल, अशी चंद्रभानला खात्री वाटेना.

त्यानं मुलांकडे पाठ केली आणि खडू उचलला. एक रेघ ओढली. दुसरी ओढली. पांढरा, पिवळा, तांबडा असे खडू घेऊन तो सावकाश आकृती काढत गेला, पुसून पुन्हा काढत गेला. मुलंही गप्प झाली. बाहेर पिंगळीकडून येणारी मालगाडी इतकी हळू चालली होती, की ती आकृतीकडे बघत चालली आहे असं वाटावं. वर्गात खडूचा आवाज तेवढा होता.

खिडकीत दिनकरराव उभे होते.

तास संपल्यावर त्यांनी चंद्रभानला बाजूला घेतलं. "मास्तर, तुम्ही बोलत नव्हता."

"जी... न्हाई."

"'जी' नव्हे, 'होय'. मुद्दाम बोलत नव्हता?"

चंद्रभान पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"मुद्दामच!" दिनकररावांचे डोळे भरून आले. "मी तरी काय विचारतो आहे! आमच्या ऋषींची पद्धत तुम्ही परभणीत परत आणलीत, आणि मला सांगितलंही नाहीत!"

चंद्रभाननं तेही सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारपासून सगळ्या शाळेत मौन अध्यापन सुरू झालं. संस्कृत शिकवणाऱ्या भुजंगशास्त्र्यांनी तेवढी हरकत घेतली. त्यांचा आवाज रूळ ओलांडून पलीकडच्या शेतात जात असे आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"महोदय, गप्प राहून संस्कृत शिकवायचं कसं?"

"ऋषी कसे शिकवत, शास्त्रीबुवा?"

"ओरडून शिकवत, महोदय. म्हणून तर त्यांना गावाबाहेर ठेवत."

पण शास्त्रीबुवांनाही पुढे गोडी लागली. ते डोळे मिटून नुसते ओठ हलवत आणि मुलं त्यांच्याबरोबर ओठ हलवत. कधी शास्त्रीबुवांचे ओठ थांबत. मुलांचे थोडा वेळ चालू राहत, मग तेही थांबत.

घंटेनं मौन मोडतं, म्हणून आश्रुबानं घंटेच्या लोलकाला धोतराचं फडकं गुंडाळलं. आता घंटा वाजली की 'धप्' असा आवाज येई, कुणीतरी लांबवर गोणी टाकल्यासारखा. तो ऐकू आला तर तास बदले. बहुधा येत नसे. माघ सरून फाल्गुन लागला. काळ्या रानातून वाफा निघू लागल्या आणि त्या वाफांत पिंगळीचं स्टेशन कधी जमिनीपासून हातभर वर तरंगे. वर्गावर्गांत मुलं फळ्याकडे बघत बसलेली असत, मास्तर मुलांकडे बघत बसलेले असत, आणि कडुलिंबाचा मोहर दारातून आत येऊन सगळ्यांच्या डोक्यांवर सारखाच पडे. एखादा होला घुमू लागला तर वाटे, हाच काय तो शाळेत बोलतो आहे, आणि याला अजून कुणी नियम सांगितलेला नाही.

बाजारात पालक एकमेकांना अभिमानानं सांगत, "आमचं पोरगं लय गहन शिकायलंय. घरी आल्यावर बी बोलत न्हाई."

घरी चंद्रभानची बायको दैवशाला मात्र बोलत असे.

"इन्स्पेक्टर आल्यावर काय करणार?" भाकरी थापता थापता तिनं विचारलं.

"गप बसन."

"अन् त्यो बी गप बसला म्हंजी? दोघं बसा मग फळ्याकडं बघत. म्हना बरं, त्रिकोण."

"त्रिकोण."

"दिसला का?"

"न्हाई."

"मला दिसायलाय की. चुलीचे तीन दगडं. समोर तर हायेत."

चंद्रभाननं चुलीकडे पाहिलं. त्याला धूर दिसला.

त्याच सुमारास मुंजाजी मेंढरं घेऊन रुळांच्या कडेनं चालला होता, तो शाळेच्या कुंपणापाशी थांबला. खांद्यावर घोंगडी, मागे सगळा कळप मेंऽ मेंऽ करत. मौनाची वेळ होती. चंद्रभान धावत बाहेर गेला.

"दादा, हळू. शाळा चालू हाय."

"चालू हाय?" मुंजाजीनं कान दिला. "मला वाटलं सुट्टी हाय. पोरं कुटं हायेत?"

"आत. शिकायलेत."

"अन् तू?"

"शिकवायलोय."

मुंजाजीनं खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "मास्तर, एक सांगू का? गपच बसायचं असंल तर घरीच चल की. मेंढरं कोन्ती बी भाषा इचारत न्हाईत. हुर्र म्हनलं की भागतंय. अन् उनात बसाया झाडं बी हायेत आपल्याकडं."

त्यानं हुर्र केलं. कळप पुढे सरकला, पसरला, गोळा झाला आणि वाफेत विरघळला. चंद्रभान तिकडे पाठ करून वर्गात शिरला.

इन्स्पेक्टर राधाकिशन हैदराबादेहून आले ते भर दुपारी. जुन्या शहरातला माणूस. काळी शेरवानी, डोळ्यांखाली वळ्या. त्यांचं मराठी व्याकरणाला धरून होतं, पण काटेरी कुंपणातून धोतर सावरत जावं तसं ते बोलत. सगळी शाळा त्यांनी फिरून पाहिली. कुठेच कुणी काही बोललं नाही. शास्त्रीबुवांनी ओठ हलवले. शेवटी दिनकररावांनी त्यांना भूमितीच्या वर्गात मागच्या बाजूला बसवलं.

चंद्रभान आकृती काढू लागला. त्या दिवशी त्यानं ती कधी काढली नव्हती इतकी सुंदर काढली. त्रिकोण पांढरा, दोन लहान चौकोन पिवळे, कर्णावरचा मोठा चौकोन तांबडा. राधाकिशनजींची मान आधी कौतुकानं हलली, मग पुढे झुकली, मग शेरवानीच्या कॉलरवर टेकली. बाहेर 'धप्' झालं. ते दचकून जागे झाले.

"फार छान," ते म्हणाले. "पण मास्तरसाहेब बोलतात केव्हा?"

दिनकररावांनी पुढे होऊन ऋषींचं सांगितलं. राधाकिशनजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दिनकररावजी, ऋषींबद्दल मला आदर आहे. पण ते मान्यता मागायला आले नव्हते. मास्तरसाहेब, हे काय आहे, मुलांना समजावून सांगा. थोडंच सांगा."

चंद्रभाननं मुलांकडे पाहिलं. दिनकररावांकडे पाहिलं. "काटकोन," तो म्हणाला, "त्रिकोणामध्ये..." आणि पुढे पान कोरं झालं. खिडकीबाहेर काळं रान हलत होतं. त्या हलत्या वाफेतून मेंढरं येतात की काय असं त्याला वाटलं. त्यानं फळ्याकडे तोंड केलं. नवरी नटून उभी होती, इतके महिने उभी होती, आणि तिला कुणी नावानं हाक मारलेली नव्हती.

"ये शक्ल-ए-अरूस है," चंद्रभान हळूच म्हणाला.

मग त्याला थांबता येईना. मुसल्लसच्या तीन बाजू धावत आल्या. तो उर्दूत सांगत होता, की हा कोन बघा, हा उंबऱ्यासारखा सरळ आहे, याच्या समोरची बाजू सगळ्यांत लांब, तिला वतर म्हणतात, मराठीत काय ते म्हणतात. आणि या दोघी धाकट्या आपापला दागिना उतरवून हिच्या अंगावर घालतात, आणि तो हिला बरोबर बसतो, ढिला होत नाही, घट्ट होत नाही. त्याचे हात हवेत रेघा ओढत होते.

"किस के शागिर्द हो, मियाँ?" राधाकिशनजी उठून उभे राहिले होते. उत्तराची वाट न बघता ते फळ्याशी गेले, चंद्रभानच्या हातातला खडू घेतला आणि काटकोनातून खाली मोठ्या चौकोनाच्या तळापर्यंत एक रेघ सोडली. मोठा चौकोन दोन भागांत वाटला गेला. "अब बोलो!"

"ये हिस्सा इसका," चंद्रभान म्हणाला.

"और ये उसका!"

"बराबर!"

"बिल्कुल बराबर!"

शेरवानीवर तांबडा खडू पडत होता. दोघं प्रौढ माणसं एका आकृतीभोवती अशी फिरत होती, जणू लग्नघरात पाहुण्यांची वाट बघायची आहे आणि वरात वेळेआधीच दारात आली आहे. मुलांना उर्दू येत नव्हतं. पण ती ही आकृती इतके दिवस बघत होती, की आता डोळे मिटले तरी समुद्राच्या जागी तीच दिसे. व्यंकटी नावाच्या मुलानं हात वर केला. वर्षभरात त्या वर्गात कुणी हात वर केलेला नव्हता.

"गुर्जी, म्हंजी ह्ये दोन ल्हान चौकोन मिळून त्यो मोठा भरतोय व्हय?"

"भरतो की," चंद्रभान म्हणाला. "काठोकाठ. कर्णावरचा सगळाच्या सगळा."

हे तो मराठीत म्हणाला. ते त्याच्या ध्यानात आलं नाही, राधाकिशनजींच्याही नाही. दिनकररावांच्या आलं असतं, पण ते मघाच वर्गाबाहेर जाऊन कडुलिंबाच्या पारावर दोन्ही कानांवर हात ठेवून बसले होते.

चहा पिताना राधाकिशनजींनी सांगून टाकलं, की शाळेला मान्यता देतो. भूमिती उत्तम आहे. बाकीच्या विषयांतही मास्तरांनी अधूनमधून बोलावं.

दिनकररावांनी त्यांचे आभार मानले आणि ते बाहेर उभ्या असलेल्या चंद्रभानकडे आले. त्यांचा आवाज मऊ होता. अपकार करताना त्यांचा आवाज नेहमीच मऊ होत असे.

"मास्तर, मान्यता मिळाली."

"जी."

"ती शुद्ध मराठी शाळेला मिळाली आहे. तुम्ही आज जे केलंत, त्यात एखादा परका शब्द असता तर मी कानाआड केला असता. तुमच्या बोलण्यात मराठी शब्दच परका होता. आता तुम्हाला कायम करायचं, म्हणजे मी पाटी उतरवायची. तेव्हा या महिनाअखेर..." ते थांबले. "तुम्ही गप्प होतात तेव्हा किती चांगले होतात हो!"

"जी."

"'होय' म्हणा निदान!"

"होय," चंद्रभान म्हणाला.

फाटकापाशी आश्रुबा भेटला. त्यानं घंटेवरचं फडकं सोडून हातात घेतलं होतं. "मास्तर, आता जोरात वाजवायची म्हनं," तो म्हणाला. "तुमी चाललात व्हय?" चंद्रभाननं मान हलवली.

तो रुळांच्या कडेनं निघाला. ऊन उतरणीला लागलं होतं तरी रान अजून हलत होतं. डाव्या हाताला लांब, जमीन आणि आभाळ जिथे एकमेकांत मिसळली होती तिथे, एक पांढुरका डाग होता. तो पसरत होता, गोळा होत होता, पुन्हा पसरत होता. चंद्रभान तिकडे न बघता रुळाकडे बघत चालला. दैवशालेला काय सांगायचं ते त्यानं जुळवून पाहिलं. मराठीत जुळवलं, आणि ते लगेच जुळलं. दादाकडं जायचं.

मागून टांगा आला आणि थांबला. आत राधाकिशनजी बसले होते, मांडीवर टोपी घेऊन.

"बसा, मास्तरसाहेब. स्टेशनापर्यंत सोडतो. दिनकररावजींनी मला सगळं सांगितलं. तुमच्या नावानं रडत होते." टांगा निघाला. "आता काय करणार?"

"ताडकळसला जायचं. मेंढरं हायेत."

घोड्याच्या टापा, घुंगरं, धूळ. टांगा गावात शिरला, स्टेशनच्या मागच्या रस्त्याला लागला आणि एका लांब, चुना उडालेल्या भिंतीच्या कडेनं चालू लागला. भिंतीपलीकडून मुलांचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. राधाकिशनजींनी भिंतीकडे अंगठा केला.

"इथे का नाही आलात?"

"हितं काय हाय?"

"सरकारी उर्दू मदरसा."

चंद्रभान खोलीवरून शाळेत जाताना रोज त्याच भिंतीच्या सावलीतून जात असे. आत त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिथले गणिताचे मास्तर पोलीस ॲक्शनच्या वेळी हैदराबादेला निघून गेले होते. तेव्हापासून ती जागा रिकामीच होती, आणि तिच्यासाठी एकही अर्ज आलेला नव्हता.